वेळेआधी आलेलं पाणी

पांढरीपांडे हे आडनाव भोपाळात टिकलं नाही. साहेब नागपूरहून नोकरीला आले तेव्हा कारखान्याच्या गेटवरच्या शिपायानं ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचायचा प्रयत्न केला आणि पासवर ‘पांडे’ लिहून मोकळा झाला. तेव्हापासून सगळ्या टाऊनशिपचे ते पांडेजी. उत्तर प्रदेशातले खरेखुरे पांडे त्यांच्याकडे गाव कुठलं, गोत्र कुठलं अशी चौकशी करायला येत. मग आतून कुमुदवहिनी ‘अहो, वरण उतू जाऊन राहिलं!’ म्हणून ओरडल्या की पाहुण्यांच्या लक्षात येई, काहीतरी घोटाळा आहे. साहेबांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. नावासारख्या गोष्टीत घालवायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता.

मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो. आमच्या कारखान्यात धरणांवर बसणारी टर्बाइन बनत, आणि ती जागेवर नेऊन बसवणं, चालू करणं, बिघडली की दुरुस्त करणं हे आमच्या विभागाचं काम. मी मूळचा साताऱ्याकडचा, शिक्षण पुण्यात झालेलं. तेवढ्यावर साहेबांनी माझं नाव ‘पुणेकर’ ठेवलं. राहायला जागा त्यांच्याच क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर मिळाली. लग्न व्हायचं होतं, स्वयंपाक येत नव्हता, त्यामुळे आठवड्यातून चार दिवस मी वहिनींच्या ओट्यापाशी पाटावर असायचो.

साहेबांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, टाऊनशिपच्या हॉकीच्या मैदानावर. उंच, किडकिडीत माणूस, पायजम्यावर स्वेटर, कानाला मफलर, आणि हातात साडेआठ-नऊ फुटांची लवलवणारी काठी. काठीला पिवळा दोर. तो दोर ते डोक्यावरून मागे फेकत, क्षणभर थांबत, मग पुढे फेकत. दोर हवेत सरळ उलगडे आणि दवात भिजलेल्या गवतावर अलगद पडे. दोराच्या टोकाला लाल लोकरीचा एवढासा तुकडा. आजूबाजूला पाण्याचा टिपूस नाही.

शेजारच्या ब्लॉकमधले तिवारीजी दुधाची बरणी घेऊन चालले होते. ते थांबले. ‘पांडेजी, घास में कौन-सी मछली मिलती है?’

‘अभी तक तो कोई नहीं मिली,’ साहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा दोर मागे टाकला.

हा नाद त्यांना हिमाचलात लागला होता. तिथल्या एका प्रकल्पावर असताना कुणी विलायती इंजिनिअर मायदेशी परतताना आपली काठी, रीळ आणि दोर त्यांना देऊन गेला. वापरायचं कसं हे सांगायला तो काही थांबला नाही, त्यामुळे जे शिकायचं ते साहेब पडत-झडत शिकले. या मासेमारीत गळाला गांडूळ लावायचं नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती पाण्यावर खऱ्या माशीसारखी पडली पाहिजे. माशीला वजन नसतं, म्हणून वजन दोरातच असतं, आणि सगळी करामत दोर फेकण्यात असते. हिमाचलात ओढ्याच्या थंड पाण्यात ट्राउट मिळायचे. भोपाळात आल्यावर साहेबांनी तीच काठी कोलारच्या नदीवर आणि बेतव्यावर नेली, आणि इथल्या माशांना ही माशी ठाऊक नाही याचा त्यांना मुळीच त्रास झाला नाही. ‘ओळख व्हायला वेळ लागतो,’ म्हणायचे.

माणूस पक्का शाकाहारी. मिळालेला मासा ओल्या हातानं धरायचा, गळ सोडवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. टाऊनशिपमध्ये हा चेष्टेचा कायमचा विषय होता. खायचा नाही तर पकडता कशाला, असं कुणी विचारलं की साहेब शांतपणे विचारायचे, ‘तुम्ही क्लबात बॅडमिंटन खेळता ना? मग खेळ झाल्यावर फूल खाता का?’ 

त्यांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जागेवर एखादं मशीन बिघडलं की आमच्या अहवालात तीन मथळे असायचे: निरीक्षण, कारण, उपाय. साहेबांनी हे तीन मथळे आयुष्यालाच लावले होते. कुठलीही फजिती झाली, अगदी वहिनींचा कुकर उडाला तरी, ते जागच्या जागी उभे राहून मोठ्यानं तीन वाक्यं बोलत. त्यात राग नसे, खंतही नसे. तिसरं वाक्य बोलून झालं की तो विषय त्यांच्यापुरता संपला. मला सुरुवातीला हा आचरटपणा वाटायचा. पुढे माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या हातून एकच चूक दुसऱ्यांदा होत नाही, आणि मग मी चेष्टा करायचं सोडून दिलं.

माशांच्या बाबतीत या तीन मथळ्यांनी बरंच काम केलं. भोपाळातल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना मासाच मिळाला नाही. माशी पाण्यावर झकास पडायची, मासा वर यायचा, तोंड लावायचा आणि सोडून जायचा. साहेबांनी माशीचा रंग बदलला, आकार बदलला, नदी बदलली. एक दिवस जेवताना त्यांनी घास तोंडापाशी नेला आणि तसाच थांबवून हुंगला. माशीच्या डोक्याशी दोऱ्याची गाठ पक्की राहावी म्हणून ते आमच्या कारखान्यातलं, तारांच्या गुंडाळ्यांवर लावतात ते व्हार्निश वापरत होते. त्या व्हार्निशचा आणि मशीनच्या तेलाचा वास आमच्या सगळ्यांच्याच हातांना कायमचा बसलेला. तो आम्हाला येत नसे इतकंच. ‘निरीक्षण, मासा तोंड लावून सोडतो. कारण, माशीला कारखान्याचा वास येतो. उपाय...’ आणि ते वहिनींकडे बघू लागले.

‘बेसन,’ वहिनी म्हणाल्या. ‘इतकी वर्षं सांगून राहिली मी, जेवायच्या आधी बेसनानं हात धुवा म्हणून. माझं नाही ऐकलं, माशाचं ऐकलं!’

तेव्हापासून नदीवर जाताना डब्यासोबत बेसनाची पुडी असायची, आणि व्हार्निशच्या जागी वहिनींची जुनी नेलपॉलिशची बाटली आली. ती आठ दिवस उन्हात वाळवली की तिला वास राहत नाही, हाही शोध साहेबांचाच.

पिसांसाठी ते अशोका गार्डनमधल्या एका कोंबडीवाल्याकडे जात. त्यांना हवी असत ती तांबड्या कोंबड्याच्या मानेवरची लांब पिसं, तीही ठरावीक चमक असलेली. साहेब दुकानाबाहेर उभे राहून जाळीतले कोंबडे न्याहाळत, एक पसंत करत, पूर्ण कोंबड्याचे पैसे देत आणि फक्त मानेची पिसं घेऊन निघत. दुकानदार मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, ‘मियां, ये आपके साहब कोई अमल-वमल तो नहीं करते?’ जादूटोणा वगैरे काही नाही, असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण गिऱ्हाईक चांगलं होतं. ही पिसं घरात आणायला बंदी होती, म्हणून स्कूटरच्या शेडमध्ये एक टेबल मांडून साहेब तिथं माश्या बांधत. एकदा मात्र वहिनींनी होऊनच आपल्या विरलेल्या शालूची जर उसवून त्यांना आणून दिली. पोटावर जरीचे दोन वेढे असलेली ती माशी बेतव्यावर इतकी चालली की साहेबांनी तिचं नाव ‘कुमुद’ ठेवलं. वहिनींना हे कळल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पण जर परत मागितली नाही.

शेवाळलेल्या दगडावरून घसरून कोपर फुटल्यावर साहेबांनी कॅनव्हासच्या बुटांना खालून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा चिकटवून घेतला. तिवारीजी एकदा मजा बघायला म्हणून नदीवर आले आणि नेमके साहेबांच्या मागे जाऊन उभे राहिले. मागे फेकलेली माशी त्यांच्या कानाच्या पाळीत बसली. गळाला उलटा काटा असतो, त्यामुळे तो ओढून निघेना. कानात लाल पिसं मिरवत तिवारीजी बिट्टन मार्केटच्या भर गर्दीतून डॉक्टरकडे गेले, आणि त्यांच्याशेजारी बसून साहेब तिन्ही मथळे शुद्ध हिंदीत त्यांना ऐकवत होते. घरी आल्यावर साहेबांनी सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीनं दाबून सपाट केले. त्यानंतर निम्मे मासे सुटून जाऊ लागले, त्याला त्यांची हरकत नव्हती. दोर फेकायच्या आधी मान वळवून मागे बघायची सवय मात्र त्यांना अशी लागली की ऑफिसात सही करण्याआधीही ते एकदा मागे बघत.

या सगळ्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आलं होतं. ‘मी सांगतो ना’ असं ते म्हणाले की आम्ही पुढे विचारायचं थांबत असू. उचललेलं कित्येक टनी चाक क्रेनवर लोंबकळत असताना ‘खाली शिरा, काही होत नाही, मी सांगतो ना’ म्हणाले आणि मी शिरलो आहे. वहिनींचंही तेच. गणित शिकवणारी बाई, टाऊनशिपच्या शाळेत तिच्या नावानं मुलं चळाचळा कापत, कुणाचं ऐकेल तर शपथ. पण या तीन शब्दांपुढे त्या गप्प होत.

भोपाळहून मंडीदीप मागे टाकून पुढे तीनेक तास गेलं की एक लहानसं धरण लागतं. त्याच्या पायथ्याशी दोन मशीनचं वीजघर, दोन्ही मशीन आमच्या कारखान्याची. मशीन चालू असली की त्यांतून बाहेर पडणारं पाणी खालच्या नदीत जोरानं धावतं, आणि पात्रात पाय ठेवायची सोय नसते. त्या वर्षी एक मशीन सुट्या भागासाठी दिवाळीपासून बंद होतं. दुसऱ्याच्या बेअरिंगचं काम आमच्याकडे आलं, आणि तेही थांबवलं गेलं. म्हणजे नदीत फक्त झिरपून येणारं पाणी. निवळशंख, घोट्याएवढं, मधूनमधून खोल डोह. असं पाणी तिथं वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं, आणि ते केव्हापर्यंत मिळेल हे जगात एकट्या साहेबांना माहीत होतं, कारण मशीन बंद ठेवणारे तेच होते.

काम आठवड्याभराचं. साहेबांनी शुक्रवारी तिथून निघताना फिटर लोकांना आपल्या पद्धतीनं झापलं होतं, की दुसरे लोक हे काम आठवड्यात करतात, तुम्ही त्याहून लवकर करून दाखवा तर खरे. आणि रविवारी ते मला आणि वहिनींना घेऊन नदीवर निघाले. वहिनी आजवर कधी आल्या नव्हत्या. त्यांना पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती वाटायची. ‘पाणी घोट्याएवढं आहे,’ साहेब म्हणाले. ‘मशीन बंद आहे. बुधवारच्या आत सुरू होत नाही. मी सांगतो ना.’

वहिनी आल्या. येताना आठवीच्या सहामाहीचे पेपर घेऊन आल्या, तपासायला.

ओबेदुल्लागंजला पोहे-जिलबी खाऊन आम्ही साडेनऊच्या सुमारास पोचलो. वीजघरापासून मैलभर खाली नदी वळण घेते, तिथं पात्राच्या मधोमध एक रुंद सपाट खडक आहे. त्यावर ऊन मस्त पडलं होतं. साहेबांनी वहिनींना हात धरून तिथवर नेलं, सतरंजी अंथरून दिली. वहिनी चपला काढून, लाल पेन घेऊन पेपर तपासत बसल्या. साहेब त्यांच्यापासून थोडं खाली, गुडघाभर पाण्यात उभे. मी काठाजवळ. ती सकाळ फार सुखाची होती. वहिनी मधूनच एखाद्या मुलाचं अचाट उत्तर मोठ्यानं वाचून दाखवत, साहेब पाठमोरेच हसत.

अकराच्या पुढे केव्हातरी वरून भोंगा ऐकू आला.

इथं आमच्या आयुष्याबद्दल थोडं सांगायला हवं. टाऊनशिपमध्ये दिवस भोंग्यावर चाले. पाळी सुरू झाली भोंगा, जेवणाची सुट्टी भोंगा, पाळी सुटली भोंगा. भोंगा ऐकला की आमची माणसं पळत नसत. मनगट वर करत आणि घड्याळ मिळवत. मुलं घरातून शाळेला भोंग्यावर निघत, बायका कुकर भोंग्यावर उतरवत. इतक्या वर्षांनी तो कानातून थेट हातात उतरायचा.

वीजघराचा भोंगा वेगळा. तो मशीन सुरू होण्याआधी, खाली नदीत कुणी असेल तर त्यानं बाहेर पडावं म्हणून वाजवतात. हे साहेबांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? हा नियम प्रत्येक वीजघरात नव्या माणसांना तेच शिकवत आले होते. पण मशीन बंद आहे ही गोष्ट त्यांच्या डोक्यात इतकी पक्की होती की भोंग्याला दुसरा अर्थ राहिलाच नव्हता. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, मनगट वर केलं. ‘अकरा दहा,’ म्हणाले. ‘यांच्या भोंग्याला काही ताळतंत्र नाही.’ खडकावर वहिनींनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं.

पाणी आलं ते गाजावाजा न करता आलं. आधी त्याचा रंग गढूळला, मग काठावरचा पाचोळा तरंगत चालू लागला. साहेबांच्या गुडघ्यावरचं पाणी मांडीवर गेलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मला काठावरून दिसला. त्यांना सगळं एका क्षणात कळलं होतं. काठ त्यांच्या उजव्या हाताला दहा-पंधरा पावलांवर होता. ते डावीकडे, खडकाकडे वळले.

ते खडकावर चढेपर्यंत खडक आणि काठ यांच्यामधलं पाणी कमरेच्या वर गेलं होतं आणि त्याला जबरदस्त ओढ आली होती. वहिनी उभ्या होत्या. पेपरांचा गठ्ठा वाहत गेला, सतरंजी गेली. पाणी खडकावर चढायला लागलं. साहेब मला ओरडून म्हणाले, ‘पुणेकर, गाडीतला दोर!’

त्यांची फियाट वरचेवर बंद पडायची, म्हणून ती ओढायला डिकीत एक लांब जाड दोर असे. मी तो घेऊन धावत आलो तोवर साहेबांनी माशी तोडून टाकली होती आणि काठीच्या पिवळ्या दोराच्या टोकाला घरच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला होता. मी जाड दोर फेकून पाहिला, तो निम्म्यावर पडून प्रवाहाबरोबर खाली ओढला गेला. मी तो परत ओढून घेत होतो तेव्हा साहेबांनी काठी उचलली. वहिनी त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं, वहिनींना खाली बसायला सांगितलं, दोर मागे टाकला, क्षणभर थांबले आणि पुढे फेकला. हॉकीच्या मैदानावर इतके रविवार जिला आम्ही हसलो तीच फेक. किल्ल्या माझ्या पायाशी येऊन पडल्या.

मी पिवळ्या दोराला जाड दोर बांधला, साहेबांनी तो ओढून घेतला. एक टोक मी काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला बांधलं, दुसरं त्यांनी खडकाच्या एका सुळक्याला. वहिनींनी साडीचा काचा मारला होता. दोन्ही हातांनी दोर धरून त्या पाण्यात उतरल्या, साहेब त्यांच्या खालच्या बाजूला, प्रवाहाला छाती देऊन. मधे एकदा वहिनींचा पाय सुटला आणि त्या मानेपर्यंत गेल्या. मी जन्मात इतका घाबरलो नाही. साहेबांनी त्यांना दोराशी दाबून धरलं, पुन्हा उभं केलं, आणि दोघं एकेक पाऊल टाकत काठाला आली.

वहिनी ओल्या मातीत बसून बराच वेळ दम घेत होत्या. मग वर बघून म्हणाल्या, ‘झाली वाटते तुमची मशीन. वेळेआधी.’

साहेबांनी नेहमीसारखं बोलायला सुरुवात केली. ‘निरीक्षण, पाणी वाढलं. कारण, मी.’ पुढचं वाक्य आलंच नाही. 

परतताना आम्ही वीजघरावर गेलो. फिटर लोकांनी दोन रात्री जागून काम पुरं केलं होतं, आणि साहेबांना खूश करायचं म्हणून मशीनला झेंडूची माळ घातली होती. ‘सर, आपने कहा था ना, करके दिखाओ!’ असं म्हणत त्यांनी लाडू पुढे केले. साहेब डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, एक बूट गेलेला. मला वाटलं, आता हा माणूस फुटेल. त्यांनी लाडू घेतला, बेअरिंगवर तळहात ठेवला, तापमान पाहिलं, आवाज ऐकला. ‘अच्छा काम किया,’ म्हणाले. ‘भोंपू भी बजाया. बहुत अच्छा किया.’ घडलेलं त्यांनी त्या लोकांना सांगितलं नाही, आम्हालाही सांगू दिलं नाही.

वहिनींनी मुख्याध्यापकांना पेपर नदीत गेल्याचं खरं ते सांगितलं. आठवीची गणिताची परीक्षा पुन्हा झाली, आणि टाऊनशिपमधली चाळीसेक मुलं पुढे कित्येक महिने साहेबांना नमस्कार करेनाशी झाली.

काठी माळ्यावर गेली. ‘मी सांगतो ना’ हे शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. कामात ते पूर्वीइतकेच चोख होते, पण आता प्रत्येक गोष्ट दोनदा दुसऱ्याला विचारत, तिसऱ्याकडून तपासून घेत. रविवारी वहिनींबरोबर बिट्टन मार्केटला जाऊन वांगी निवडत. स्कूटरच्या शेडमधलं टेबल कुणाला तरी देऊन टाकलं. वहिनींनी एकाही शब्दानं त्यांना कधी बोल लावला नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होत असावा. अशी काही वर्षं गेली. ते निवृत्त झाले, अवधपुरीकडे घर बांधलं. माझं लग्न होऊन मुलगी झाली होती, तरी रविवारी आमची फेरी त्यांच्याकडे असायची. एवढा हुशार माणूस टीव्हीसमोर नुसता बसलेला बघून मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

एका सकाळी मी गेलो तर साहेब गच्चीच्या कठड्याला धरून उभे होते. खाली रिकाम्या प्लॉटवर वहिनी, पदर खोचून, ती काठी हलवत होत्या. फार वाईट हलवत होत्या. दोर त्यांच्याच गळ्यात पडत होता.

‘काय चाललंय हे?’ मी विचारलं.

‘तीन दिवस झाले,’ साहेब म्हणाले. ‘मनगट मोडून टाकते आहे. काठी मनगटानं नसते फेकायची.’

‘मग सांगा ना त्यांना.’

 वहिनींनी पुन्हा दोर मागे टाकला आणि न थांबता पुढे ओढला. चाबकासारखा आवाज झाला. साहेबांना ते सहन होईना. ‘अगं, थांब! मागे जाऊन सरळ होऊ दे त्याला!’ असं ओरडत ते जिना उतरून गेले.

वहिनी मला नंतर स्वयंपाकघरात म्हणाल्या, ‘मी बुडता बुडता वाचली, पुणेकर. घाबरायचं तर मी घाबरायला पाहिजे. हे काहून घाबरून राहिले? मी रोज यांचं तोंड पाहून राहिली इतकी वर्षं. नदीत वाहून नाही गेली मी, पण हे तिथंच अडकून राहिले.’ बोलता बोलता त्यांनी कढईत उगाच झारा फिरवला.

नदीवर जायचं वहिनींनीच ठरवलं, आणि त्याच नदीवर, त्याच वळणावर. साहेब नाही म्हणाले. ‘मग मी पुणेकराला घेऊन जाते,’ वहिनी म्हणाल्या. तेव्हा ते यायला तयार झाले, पण दोन अटींवर. आपण काठी हातात घेणार नाही. आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथं तिनं जायचं नाही. दोन्ही मशीन वार्षिक तपासणीसाठी बंद होती, तरी त्यांनी आदल्या दिवशी वीजघराला फोन केला, सकाळी पुन्हा केला, वाटेत ओबेदुल्लागंजच्या बूथवरून तिसऱ्यांदा केला.

माझी पुण्याला बदली ठरली होती, त्यामुळे त्यांच्याबरोबरचा तो माझा शेवटचा रविवार. वहिनी काठाला धरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल, पायात साहेबांचे नमदा लावलेले नवे बूट. साहेब वरच्या बाजूला एका दगडावर बसले. त्यांनी पांढरा रंग दिलेली एक काठी पाण्याच्या कडेला रोवली होती, आणि तिच्या रंगाच्या कडेशी पाणी कुठं टेकलंय यावर त्यांची नजर होती. जाड दोर अर्जुनाला बांधून त्याचा वेढा त्यांनी मांडीवर घेतला होता. मी गप्पा काढल्या, ते हं हं करत राहिले.

तासाभरानं वहिनींची किंकाळी ऐकू आली. काठी कमानीसारखी वाकली होती, रीळ करकरत होतं. ‘अहो! अहो, लागला! बघा ना!’ मासा एकदा पाण्याबाहेर उसळला. पिवळ्या खवल्यांवर ऊन चमकलं. हातभर तरी नक्की असेल. साहेबांच्या उभ्या हयातीत या नदीवर असा मासा कुणाला लागला नव्हता.

‘सर, बघा तरी!’ मी त्यांचा खांदा हलवला. ‘केवढा आहे!’

‘तू बघ,’ ते म्हणाले. मान वळली नाही. पांढऱ्या काठीवरची नजर हलली नाही.

वहिनी पाण्यात एकट्याच झुंजत होत्या, हसत होत्या, मधेच रडत होत्या. कितीतरी वेळानं त्यांनी तो मासा पायाशी आणला, बेसनानं धुतलेल्या ओल्या हातांनी धरला, गळ सोडवला आणि क्षणभर उचलून आमच्या दिशेनं दाखवला. मग त्याला हळूच पाण्यात सोडलं. मला राहवलं नाही. मासा कसा होता, शेपटी केवढी होती, वहिनींनी मनगट किती सरळ ठेवलं होतं, हे सगळं साहेबांना सांगायला मी तोंड उघडलं.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘ती बाहेर आली की सांग.’